जिवतीच्या कहाणीतली सुईण: खलपात्राची जन्मकथा कुमारांसाठी कशी लिहावी

प्रश्न थोडक्यात असा. कराडच्या एक शिक्षिका नववी-दहावीच्या मुलांसाठी कादंबरी लिहीत आहेत. आधार श्रावणातल्या शुक्रवारच्या, म्हणजे जिवतीच्या कहाणीचा. मध्यवर्ती पात्र त्या कहाणीतली सुईण. ती राणीकडून द्रव्य घेते, ब्राह्मणाच्या बायकोचं नुकतं जन्मलेलं मूल उचलते आणि तिच्यापुढे वरवंटा ठेवून "तुला हाच झाला" म्हणून सांगते. पुढे ते मूल राजवाड्यात वाढतं आणि शेवटी खऱ्या आईला परत मिळतं. सुईण अशी का झाली, ही तिची 'जन्मकथा' बाईंना सांगायची आहे. तिच्या बालपणीच्या हालअपेष्टांची चार प्रकरणं लिहून झाली. ती वाचून काही मुलं म्हणाली, "मग तिचं काय चुकलं?" आणि बाकीची म्हणाली, "गोष्ट सुरू कधी होते?" आता पुढे काय करावं?

दोन्ही शेरे एकाच दोषावर बोट ठेवतात. चार प्रकरणं त्या मुलीच्या बाबतीत नुसत्या गोष्टी घडत राहतात, ती स्वतः काही करत नाही. बाप मरतो, आत्ती मारते, सावकार घर नेतो, गाव तोंड फिरवतं. वाचणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला त्यातून एवढंच कळतं की हिच्यावर अन्याय झाला. तसा अन्याय त्या गावात आणखी दहाजणींवर झाला असेल, त्यांनी कुणाची बाळं पळवली नाहीत. दुःख हे कारण म्हणून पुरत नाही. जन्मकथा उभी राहते ती त्या मुलीनं केलेल्या निवडींवर, आणि सगळ्यात जास्त भार पडतो तो पहिल्या निवडीवर: जिच्यातून तिचं भलं झालं आणि दुसऱ्याचंही.

याचा सांगाडा आपल्या कहाण्यांतच तयार आहे. वसा देताना बजावलं जातं, "उतू नकोस, मातू नकोस, घेतला वसा टाकू नकोस." खलपात्राचा सगळा उतार या वाक्यात आहे. आधी वसा घेतलेला असतो. मग उतणं, म्हणजे दुधासारखं भांड्याबाहेर जाणं. वस्तू चांगलीच असते, तिचं प्रमाण सुटतं. मग मातणं, म्हणजे आपल्याला विचारणारं कोण आहे, हा भाव. आणि शेवटी जो नियम जिवापाड जपला तोच आपल्या हातानं टाकणं. तुमच्या चार प्रकरणांत सुईणीला वसाच नाही. टाकायला काही नाही, म्हणून वाचणाऱ्याला तुटल्यासारखंही काही वाटत नाही.

तेव्हा पहिलं काम, तिला वसा द्या. तो एका वाक्यात मावला पाहिजे आणि तिच्या कामातून आलेला असला पाहिजे. उदाहरणार्थ तिच्या सुईण आत्तीनं शिकवलेलं: "बाळ आधी आईनं बघायचं. मग घरानं, मग गावानं." सोळाव्या वर्षी ही पोर एका तालेवार घरच्या सासूला खोलीच्या दारात अडवते, कारण आईनं अजून बाळ पाहिलेलं नाही. सासू चिडते, ठरलेल्या बिदागीतला खण काढून घेते, पोर हलत नाही. वाचणारी मुलं तिच्यावर जीव लावतील ते या प्रसंगामुळे. तिच्या उपासमारीनं ते साधणार नाही.

आता मूळ कहाणीकडे वळा. सुईण त्या रात्री बाळंतिणीचे डोळे बांधते. कहाणीत ती एक युक्ती आहे, एका ओळीत उरकलेली. तुमच्या कादंबरीत मात्र ज्या मुलीनं "बाळ आधी आईनं बघायचं" म्हणून भांडण केलं, तीच आईच्या डोळ्यांवर पट्टी आवळते. तिथे लेखकानं एक शब्दही समजावून सांगायचा नाही.

यासाठी आधी कहाणी नीट उलगडून घ्यावी लागते. कोरं पान घ्या, मध्ये उभी रेघ मारा. डावीकडे खुंट्या लिहा, म्हणजे ज्या गोष्टी हलवायच्या नाहीत त्या: राणीला मूल नसणं, सुईणीशी झालेला सौदा, बांधलेले डोळे, वरवंटा, त्या आईचा शुक्रवारचा नेम आणि "माझं बाळ असेल तिथं खुशाल असो" म्हणून उडवलेल्या अक्षता, हिरवं लुगडं आणि हिरव्या बांगड्या वर्ज्य करणं, तांदळाचं धुवण न ओलांडणं, शेवटी जेवणावळीत मुलाला बघून आईला फुटलेला पान्हा. या आठांपैकी एखादी निसटली तरी चालेल. तीन निसटल्या तर ती तुमची स्वतंत्र गोष्ट झाली. मग जिवतीचं नाव लावू नका, कारण कहाणी ठाऊक असलेला वाचक खुंट्या शोधतच वाचतो आणि त्याचा आनंद त्यातच असतो.

उजवीकडे कहाणी काय सांगत नाही ते लिहा. राणीला नेमकी हीच सुईण कुणी सुचवली? बाळ जन्मताच रडलं असणार, ते आईनं ऐकलं नाही? वरवंटा कुणाच्या घरचा? शेजारणींनी विश्वास कसा ठेवला? मिळालेल्या द्रव्याचं झालं काय? प्रचलित पाठात त्या रात्रीनंतर सुईण पुन्हा दिसत नाही, ती गेली कुठे? तुमची कादंबरी या उजव्या बाजूत राहते.

यातला वरवंट्याचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण त्यावर थांबावं असं माझं ठाम मत आहे. सुईणीनं तो घरून पदराआड आणला असेल, तर तिनं सगळं आधी ठरवलेलं होतं. तो बाळंतिणीच्याच स्वयंपाकघरातला असेल, तर ऐनवेळी हाताला आला. या दोन सर्वस्वी वेगळ्या बायका आहेत. दुसऱ्या पर्यायात आणखी एक गोष्ट आपोआप मिळते: दुसऱ्या दिवशी त्या घरात वाटण वाटायला पाटा आहे आणि वरवंटा नाही. आईला पुढे कितीतरी वर्षं चटणी वाटताना तो आठवणार.

आणि वरवंटाच का? लाकूड का नाही, कापडाचं गाठोडं का नाही? वजन करून बघा. काळ्या दगडाचा २० सेंटिमीटर लांब आणि ८ सेंटिमीटर जाडीचा वरवंटा ३ किलोच्या आसपास भरतो. नवजात बाळ साधारण अडीच ते तीन किलोचं असतं. डोळे बांधलेल्या बाईच्या मांडीवर तो ठेवला तर भार बाळाचाच वाटतो. फरक एकच, दगड गार असतो. म्हणजे सुईणीला तो ऊन करावा लागला असणार. हे एकदा लक्षात आलं की त्या रात्रीचा प्रसंग स्वतःच लिहून घेतो:

"वरवंटा गार होता. तिनं तो शेगडीच्या कडेला ठेवला. एका अंगानं ऊब धरली तशी भाकरी फिरवावी तसा फिरवला. तळहाताच्या पाठीनं अंदाज घेतला. बाळाचं अंग लागतं तेवढाच ऊन हवा होता. जास्त झाला तर आई हात मागे घेईल.
'रडलं ना? मी ऐकलं,' पट्टीआडून आवाज आला.
'थांबा,' ती म्हणाली. आजवर कुठल्याच आईला तिनं थांबा म्हटलं नव्हतं."

इथे 'तिचं मन दगड झालं होतं' असलं वाक्य लिहिण्याचा मोह होईल. ते लिहू नका. तिचे हात अजून सुईणीचेच आहेत, तितकेच काळजीवाहू, आणि ती काळजी ती एका दगडाची घेते आहे. वाचणाऱ्याला हे दिसलं की पुरे. बाळ रडल्याचा प्रश्नही याच तीन ओळींत सुटतो. आईनं आवाज ऐकला आहे. पुढे आयुष्यभर गाव तिला सांगणार की तो भास होता.

पट्टीचं कापडही आधीपासून गोष्टीत फिरत असू द्या. एखादी वस्तू तीनदा यावी आणि दर वेळी तिचा उपयोग बदलावा. दोनदा आली तर योगायोग वाटतो, पाचदा आली तर लेखक दिसायला लागतो. समजा ते कापड बापाच्या पटक्याचं आहे. तुमचा बाप 'गरिबीनं' मरतो. गरिबीनं माणूस नेमका कसा मरतो, हे कामासकट दाखवावं लागतं. सांगलीशेजारी हरिपूरला हळद साठवायची पेवं असत: जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं. बंद पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नसत, कारण आत साचलेली हवा जीव घेते. आधी तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीला दिवा बांधून सोडायचा. दिवा विझला तर थांबायचं. तुमच्या गोष्टीत गाड्या भरायला थांबल्या आहेत, व्यापारी घाई करतो, दिवा सोडायचं राहतं. वर ठेवलेला पटका तेवढा घरी येतो. नवव्या प्रकरणात ही पोर आपल्या हातचं पहिलं बाळ त्याच पटक्याच्या फाडलेल्या तुकड्यात झेलते. एकविसाव्यात त्याची पट्टी होते.

पण बापाचा मृत्यू दीड-दोन हजार शब्दांत आटपा. सगळी कादंबरी ४०,००० शब्दांची धरली, म्हणजे साधारण १,६५० शब्दांची २४ प्रकरणं, तर निव्वळ सोसण्याला ४,००० शब्दांपेक्षा जास्त जागा देऊ नका. तुम्ही आत्ताच तेवढी संपवली आहे. चारांची दोन प्रकरणं करा आणि पहिलं प्रकरण जन्मापासून सुरू न करता कामापासून सुरू करा: रात्री आलेलं बोलावणं, आत्तीची पिशवी उचलून मागून पळणारी पोर, वाटेत तोंडपाठ करत असलेला तो वसा. नवव्या प्रकरणापर्यंत तिला काम येऊ द्या. तिचं कौशल्य वाचणाऱ्याला आवडलं पाहिजे, कारण पुढे तेच कौशल्य वाकडं जाणार आहे.

मग पहिलं खोटं. या एका पायरीवर जितका वेळ द्याल तितका थोडा. जन्माची वेळ ठरवणारं खोलीत एकच माणूस असतं, सुईण. एका घरात मुलगी अशुभ मानलेल्या, नुकत्याच लागलेल्या नक्षत्रावर जन्मते. घरात कुजबुज सुरू होते, बाळ दूर पाठवायची भाषा निघते. सुईण बाहेर येऊन सांगते, "जन्म मघाचाच. मी आईपाशी होते, सांगायला उशीर झाला." नक्षत्र बदलतं, बाळ आईपाशी राहतं, आणि घर आनंदानं पायलीभर शाळू तिच्या पदरात घालतं. वाचणाऱ्यातलं एकही मूल इथे तिला दोष देणार नाही, देऊही नये. तिनं जे केलं ते चांगलंच होतं. फक्त आपण म्हणू तीच वेळ खरी ठरते, हे तिला त्या रात्री कळलेलं असतं.

यापुढच्या प्रत्येक पायरीला एकच गोष्ट बदला. दुसऱ्या वेळी एक घर स्वतःहून येतं, मुलाला चांगला मुहूर्त लागावा म्हणून वेळ अलीकडे-पलीकडे करायला, आणि आधीच पैसे ठेवतं. इथे फसतो तो पत्रिका मांडणारा. तिसऱ्या वेळी दोन चुलत भावांत थोरला कोण यावर वतन ठरायचं असतं. नुकसान होतं ते वरच्या आळीतल्या एका तान्ह्या पोराचं, त्याला तिनं पाहिलेलंही नसतं. चौथ्या वेळी राणीचा निरोप येतो. बघा, नुकसान सोसणारा माणूस दर पायरीला एक पाऊल जवळ येतो: आधी कुणीच नाही, मग परका पुरोहित, मग न पाहिलेलं मूल, आणि शेवटी हाताखाली कळा देत असलेली बाई. दहा ते सोळा या प्रकरणांत हे उतणं बसवा, सतरा ते वीसमध्ये मातणं. मातण्याचं लक्षण म्हणून दागिने आणि मोठं घर देऊ नका, ते सगळेच देतात. तिच्या बोलण्यातून दाखवा. आधी ती विचारायची, "किती वेळ झाला कळा येऊन?" आता ती सांगते, "तुला आत्ताशा कुठं सुरू झाल्यात." बाईच्या अंगातलं बाईपेक्षा आपल्याला जास्त कळतं, असं तिला वाटायला लागलं आहे.

मधल्या प्रकरणांत एक मोठी चूक हमखास होते. खलपात्राची बाजू मजबूत करायला तिनं जिचं वाईट केलं तिलाच वाईट करून टाकायचं. सावत्र आईची गोष्ट असेल तर मुलगी उद्धट निघते. इथे ब्राह्मणीण सुईणीला टाकून बोलते, वरून पाणी वाढते. मोह समजण्यासारखा आहे, कारण विटाळ आणि शिवाशिव खरीच होती. ज्या हातानं बाळ जगात आणलं त्याच हाताला बारशाच्या पंगतीत जागा नसे. हे कादंबरीत आलंच पाहिजे. पण ते त्या एका आईच्या तोंडी घातलंत तर बाळाची चोरी हा सूड होतो, आणि सूडाला वाचक चटकन माफ करतो. तो अपमान घराच्या रीतीत ठेवा, सासूच्या तोंडी ठेवा, गावाच्या वाटेवर ठेवा. आईला सुईणीशी बरी वागणारी ठेवा. पाच प्रकरणं तिच्याच नजरेनं लिहा, आणि त्यातली दोन वरवंट्याच्या रात्रीनंतरची असू द्या. त्यात ती नुसती रडत बसलेली नसावी. हिरव्या बांगड्या नाकारणारी, धुवण दिसलं की वळसा घालून जाणारी, जग वेडी म्हणत असताना नेम न सोडणारी ही बाई हट्टी आहे. तिचा वसा टिकला आणि सुईणीचा टिकला नाही, हे दोन्ही एका पुस्तकात समोरासमोर असलं की तुम्हाला निवाडा द्यावा लागत नाही.

जातीचा मुद्दा इथेच मिटत नाही. कादंबरीत सुईणीच्या समाजातलं एकच माणूस असेल आणि ते चोर असेल, तर तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी वर्गातल्या एखाद्या मुलाला ते लागेल. म्हणून आत्तीला बळ द्या. राणीचा निरोप आधी आत्तीकडे आलेला असू द्या आणि तिनं नाही म्हटलेलं असू द्या. त्या नकाराची किंमतही तिला मोजावी लागू दे. मग 'परिस्थितीच तशी होती' ही पळवाट पोरीला उरत नाही, आणि वाचणाऱ्यालाही नाही.

तुम्ही पुढे चेटकिणीची जन्मकथा लिहायचं म्हटलं आहे, म्हणून दोन शब्द. त्यातली रूढ वाट अशी: गावानं एका बाईला चेटकीण म्हणून छळलं, म्हणून ती खरोखरच चेटूक शिकली. इंग्रजी पुस्तकांत ही वाट फार वापरली जाते. आपल्याकडे ती घेताना दहा वेळा विचार करा. बाईवर करणीचा आळ घेऊन तिला मारहाण करणं, गावाबाहेर काढणं हे इथे घडत आलेलं आहे. त्याविरुद्ध साताऱ्याच्या नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचलं आणि त्यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. गोष्टीच्या शेवटी ती बाई खरीच चेटकीण निघाली, तर आळ घेणारं गाव बरोबर ठरतं. तुम्हाला म्हणायचं होतं त्याच्या नेमकं उलट पोचतं. त्यापेक्षा तिच्या हाती औषधी मुळ्यांचं ज्ञान द्या, गावाच्या भीतीचा फायदा घ्यायला तिला शिकू द्या, आणि त्या भीतीवर ती जगायला लागली की तिचं वाईट होणं तिथून सुरू करा. अद्भुत हवंच असेल तर ते सगळ्या जगाला द्या. बोलणारं वासरू आपल्या कहाण्यांत आहेच. एकट्या आरोपी बाईला देऊ नका.

भाषेबद्दल. सुईण 'न्हाई, व्हय' बोलते आणि बाकी सगळी प्रमाण मराठी बोलतात, अशी रचना पहिल्या खर्ड्यात आपोआप होते. नकळत बोली ही वाईटपणाची खूण ठरते. आत्ती, पटका बांधणारा बाप, शेजारीण, राणीची दासी, सगळ्यांना बोली द्या, आणि गोष्टीतलं सगळ्यात शहाणं वाक्य बोलीतच येऊ द्या. सुईणीच्या तोंडून प्रथमपुरुषी कादंबरी लिहिणार असाल तर आणखी एक निर्णय पहिल्याच पानावर घ्यावा लागतो. कोल्हापूर-सांगलीकडे बायका 'मी आलो, मी जातो' म्हणतात. ते ठेवायचं तर बोलणारी मुलगी आहे हे पहिल्या चार ओळींत कळू द्या, नाहीतर पुण्याचा वाचक दहाव्या पानावर गोंधळेल आणि मुद्रितशोधक सगळं 'आले, जाते' करून टाकेल. माझा कल मात्र तृतीयपुरुषाकडे आहे. प्रथमपुरुषात खलपात्र सारखी बाजू मांडत राहते, आणि तिची बाजू ऐकून ऐकून आईचा आवाज बुडतो.

तिचा प्रवेशही सांभाळा. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलं. त्या धाटणीच्या नाटकांत राक्षस 'अलल्ल डुर्र' अशी आरोळी देत, तलवारी नाचवत येत. आला तो राक्षस, हे प्रेक्षकाला रंगपटातून पाऊल बाहेर पडायच्या आत कळे. कुमारांच्या कादंबऱ्यांत ती आरोळी आता प्रस्तावनेत शिरली आहे: 'सगळे मला वाईट म्हणतात, पण माझी गोष्ट ऐका.' तुमच्या खर्ड्यातही तसं अर्धं पान आहे. ते काढा. हीच ती सुईण, हे कहाणी माहीत असलेल्या वाचकाला साधारण बाराव्या प्रकरणात, राणीच्या रिकाम्या पाळण्याचा उल्लेख आल्यावर कळू दे. त्याला ते स्वतःला कळलं याचा धक्का जास्त बसतो.

स्थळकाळाची एक अडचण आपल्या भागात हमखास येते. इथे सातारा, सांगली, मिरज, औंध, फलटण, जत, सगळीकडे खरी राजघराणी होती. हरिपूर आणि पेव नावानिशी घेतलंत, हातात रॉकेलचा कंदील दिलात, की काळ ठरला, आणि मग मूल चोरणारी राणी कुठल्या वाड्यातली, हे वाचक शोधू लागेल. म्हणून नगर आटपाटच ठेवा. नदी असू दे, पेव असू दे, शाळू असू दे, हळद शिजवताना सुटणारा वास असू दे. नाव आणि सन देऊ नका, दिवा तेलवातीचा ठेवा. इथल्या वाचकाला ठिकाण बरोबर ओळखू येतं आणि कुणा खऱ्या घराण्यावर शिंतोडा उडत नाही.

दुसऱ्या गोष्टींबद्दलही तुम्ही विचारलं आहे, त्याचं थोडक्यात. सरावासाठी चिऊ-काऊची गोष्ट घ्या: पावसात शेणाचं घर वाहून गेलेल्या कावळ्याला चिमणी किती वेळा 'थांब' म्हणते ते मोजा, आणि कितव्या 'थांब'ला तो वाईट व्हायचं ठरवतो ते ६०० शब्दांत लिहा. परदेशी परीकथा घेणार असाल तर हे माहीत असू द्या की ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीचा जीव घ्यायला निघालेली राणी तिची सख्खी आई होती; १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. 'सावत्र' हा शब्दच संपादनातून आलेला असेल, तर जन्मकथा लिहिताना ते नातं पुन्हा उघडायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणि प्राण पोपटात ठेवणारा दुष्ट हवा असेल तर तो आपल्याच मुलखातून गेलेला आहे: मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रिअर हिनं १८६५-६६ च्या हिवाळ्यात दक्षिण मराठा मुलखाच्या दौऱ्यात आपल्या आयेकडून, म्हणजे नोकरीतल्या दाईकडून, ऐकलेल्या गोष्टी १८६८ मध्ये छापल्या, त्यात सहा पाण्याच्या घड्यांखाली पिंजरा आणि पिंजऱ्यात हिरवा पोपट आहे. माणूस आपला जीव स्वतःपासून इतका लांब कशाला ठेवेल, एवढा एक प्रश्न सबंध कादंबरीला पुरेल.

खर्डा झाला की सहा-सात मुलांना द्या. आवडलं का, असं विचारू नका. हातात पेन्सिल द्या आणि सांगा, जिथे तुला तिला 'थांब' म्हणावंसं वाटलं तिथे समासात फुली मार. फुल्या बारा ते अठरा या प्रकरणांत गोळा झाल्या तर उतार नीट बसला आहे. पहिल्या सहा प्रकरणांत पडल्या तर ती सुरुवातीपासूनच वाईट दिसते आहे. वसा पक्का करा. एकविसाव्यापर्यंत एकही पडली नाही, तर तुम्ही तिची वकिली केली आहे; आईची प्रकरणं पुन्हा लिहा. फुल्या एकाच पानावर एकवटल्या तर एक पायरी राहून गेली आहे, बहुधा तिसरी, वतनाची. आणि शेवटी सुईणीला आईकडून माफी मिळवून देऊ नका. मुलाला आई मिळते, तिथे कहाणी सुफळ संपूर्ण होते. सुईण त्या जेवणावळीत वाढपी बायकांच्या मागे उभी राहून बघत असेल, किंवा नसेल, एवढंच ठेवा.

आता लगेच पाचवं प्रकरण सुरू करू नका. आधी एकविसावं लिहा, वरवंट्याची रात्र. घरात पाटा-वरवंटा असेल, नाहीतर शेजारी कुणाकडे तरी निघेलच. वरवंटा धुऊन, चुलीपाशी किंवा उन्हात ऊन करून, फडक्यात गुंडाळा. डोळे मिटून दहा मिनिटं मांडीवर घेऊन बसा. हात आपोआप कुठे जातात ते बघा आणि तेच लिहा.